पडद्याआडचे पाते आणि सुटलेला वारा

इतिहासात एखादा अनपेक्षित विजय नोंदला गेला, की त्याच्या मागोमाग बहुधा एक वस्तूही नोंदली जाते. पराभूतांची समजूत पटावी आणि विजेत्यांना अभिमान मिरवता यावा, यासाठी वस्तू फार सोयीची असते. ती दाखवता येते, तिचे चित्र काढता येते, ती संग्रहालयात ठेवता येते. निर्णयाचे तसे नसते. तो ज्या क्षणी घेतला जातो त्या क्षणीच संपतो. मागे उरतात त्याचे परिणाम आणि त्याविषयीच्या आठवणी. शिडांच्या नौकांच्या शर्यतींचा इतिहास वाचताना आम्हाला हा प्रश्न वारंवार पडला. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटेल. पण घटनेचे कारण सांगताना कथन काय निवडते आणि काय गाळते, हा प्रश्न आपल्या परिचयाचाच आहे. तो इथे पाण्यावर मांडलेला दिसतो, एवढेच.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे 'ऑस्ट्रेलिया टू' या नौकेने 'लिबर्टी' या अमेरिकी नौकेला सातव्या आणि अखेरच्या शर्यतीत ४१ सेकंदांनी हरवले आणि 'अमेरिकाज कप' जिंकला. न्यूयॉर्क यॉट क्लबकडे हा चषक तोवर १३२ वर्षे होता. २४ आव्हाने त्या क्लबने परतवली होती. या विजयाचे कारण विचारले, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: पंखांचे कील. नौकेच्या तळाखाली पाण्यात उतरलेले जे जड पाते असते, त्याला कील म्हणतात. बेन लेक्सेन या आरेखकाच्या नावावर नोंदलेल्या या नौकेचे कील उलटे होते, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद, आणि त्याच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना पंख होते. हे उत्तर खोटे नाही. ते पुरेसे आहे का, एवढेच आम्हाला तपासायचे आहे. आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

चषकाचा उगम १८५१ सालचा. लंडनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते आणि यंत्रयुग आपली करामत काचेच्या महालात मांडून बसले होते. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क यॉट क्लबचे कमोडोर जॉन कॉक्स स्टीव्हन्स आणि त्यांचे सहकारी 'अमेरिका' नावाची नौका अटलांटिक ओलांडून इंग्लंडला घेऊन आले. २२ ऑगस्टला आइल ऑफ वाइट या बेटाला वळसा घालण्याच्या शर्यतीत तिने रॉयल यॉट स्क्वॉड्रनने ठेवलेला चषक जिंकला. शर्यत पाहणाऱ्या व्हिक्टोरिया राणीने दुसरे कोण आले असे विचारले आणि तिला दुसरे कोणीच नाही असे उत्तर मिळाले, ही आख्यायिका पुढे इतकी रूढ झाली की तीच इतिहास होऊन बसली. प्रत्यक्षात दुसरी नौका होती. तिचे नाव 'ऑरोरा'. ती आकाराने कितीतरी लहान होती आणि आकारानुसार वेळेची सवलत नसलेल्या त्या शर्यतीत काही मिनिटांच्या अंतराने येऊन पोहोचली होती.

'अमेरिका'च्या विजयाची कारणे शोधली तर ती तीन प्रकारची सापडतात. पहिले कारण बांधणीचे. त्या काळच्या अनेक इंग्लिश नौकांची नाळ फुगीर आणि मागचा भाग निमुळता असे. पुढून कॉड माशाचे डोके आणि मागून बांगड्याची शेपटी, असे त्या आकाराचे वर्णन केले जाई. जॉर्ज स्टीअर्सने आरेखिलेल्या 'अमेरिका'ची नाळ याउलट बारीक आणि आत वळलेली होती. तिची सर्वाधिक रुंदी बरीच मागे होती. दुसरे कारण शिडांचे. इंग्लिश शिडे जवसाच्या धाग्याची, सैल आणि पोटाळ असत. 'अमेरिका'ची शिडे यंत्रावर विणलेल्या घट्ट सुती कापडाची होती आणि सपाट ताणलेली होती. तिसरे कारण मार्गाचे. नॅब येथील दीपनौकेच्या बाहेरून जावे की आतून, याविषयी सर्वांना दिलेल्या सूचना सारख्या नव्हत्या. 'अमेरिका' आतून गेली, काही नौका बाहेरून गेल्या. त्यावरून तक्रारही झाली आणि ती मागे घेतली गेली. शिवाय 'ॲरो' ही नौका वाळूत रुतली, 'अलार्म' तिच्या मदतीला गेली, 'व्होलांट' आणि 'फ्रीक' एकमेकींवर आदळल्या. या तिन्हींपैकी लोकस्मृतीत ठसली ती बांधणी, आणि फार तर शिडे. मार्ग आणि अपघात तळटीपेत गेले. वस्तू कथेच्या मध्यभागी येऊन बसते आणि निर्णय कडेला सरकतात, याचे हे पहिले उदाहरण. १८५७ साली विजेत्यांनी हा चषक देशादेशांतील मैत्रीपूर्ण स्पर्धेसाठी क्लबच्या स्वाधीन केला, तेव्हा ही सवयही जणू त्याच्यासोबतच दिली गेली.

पुढचे समजण्यासाठी वाऱ्याचे साधे गणित ध्यानात घ्यावे लागते. 'वारा येईल तशी पाठ द्यावी' असे आपली म्हण सांगते. शिडाच्या नौकेचे कौशल्य याच्या नेमके उलट असते: जिकडून वारा येतो तिकडेच तिला जायचे असते. थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही नौका जाऊ शकत नाही. म्हणून ती वाऱ्याशी कोन धरून आधी एका अंगाला आणि मग दुसऱ्या अंगाला, अशी नागमोडी वर चढते. या प्रत्येक वळणाला टॅक म्हणतात, आणि प्रत्येक टॅकमध्ये थोडा वेग मोडतो. या चढणीत शीड वाऱ्याने नुसते ढकलले जात नाही. पक्ष्याच्या पंखाप्रमाणे त्याच्या दोन बाजूंनी वारा निरनिराळ्या वेगाने वाहतो आणि त्यातून ओढ निर्माण होते. म्हणून शिडाचे पोट किती, ते पुढे आहे की मागे, वरचा भाग खालच्यापेक्षा किती पिळलेला आहे, दोरी बोटभर सोडायची की आवळायची, या बारीक गोष्टींवर वेग ठरतो. 'अमेरिका'ची सपाट शिडे इंग्लिश शिडांपेक्षा सरस ठरली ती याच कारणाने. पोटाळ शीड वाऱ्यासोबत चालते, चढणीला मात्र ते नौकेला आडवे ढकलते.

दोनच नौकांच्या शर्यतीत याला आणखी एक पदर असतो. पुढची नौका मागच्या नौकेच्या आणि वाऱ्याच्या मधोमध उभी राहिली, तर मागच्या नौकेला ढवळलेला, निकामी वारा मिळतो. शिडातली हवा काढून घेणे हा वाक्प्रयोग आपल्या राजकीय वार्तांकनात पुरेसा झिजला आहे. इथे ती गोष्ट अक्षरशः घडते. या आड राहण्याला खलाशी 'कव्हर' म्हणतात. आघाडीवरच्या नौकेसाठीचा पाठ्यपुस्तकी नियम असा: प्रतिस्पर्ध्याला मोकळे सोडू नका, तो वळला की तुम्हीही वळा, त्याला वेगळा वारा मिळू देऊ नका. नियम साधा आहे. तो केव्हा पाळायचा हे कळणे मात्र साधे नाही. १९३४ आणि १९८३ या दोन सालांना शेजारी ठेवून पाहावे, असे आम्हाला वाटते ते यासाठी.

१९३४ साली टी. ओ. एम. सॉपविथ हा इंग्लिश विमाननिर्माता 'एंडेव्हर' घेऊन अमेरिकेत आला. पहिल्या महायुद्धातील 'कॅमल' हे लढाऊ विमान त्याच्याच कंपनीचे. चार्ल्स निकल्सनने आरेखिलेली 'एंडेव्हर' ही समोरच्या 'रेनबो'पेक्षा वेगवान होती, असे अनेक जाणकार आजही मानतात. पगाराच्या वादातून तिचे व्यावसायिक खलाशी निघण्यापूर्वीच सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी हौशी मंडळी आली होती, हेही विसरता येत नाही. तरीही 'एंडेव्हर'ने पहिल्या दोन शर्यती जिंकल्या. तिसऱ्या शर्यतीत अखेरच्या टप्प्याच्या आरंभी तिची आघाडी सहा मिनिटांहून अधिक होती. 'रेनबो'चा कप्तान हॅरल्ड व्हँडरबिल्ट याने हताश होऊन सुकाणू शर्मन हॉइटच्या हाती दिले आणि तो खाली निघून गेला.

हॉइटला सॉपविथची एक सवय ठाऊक होती: प्रतिस्पर्धी जिकडे जाईल तिकडे जाऊन त्याच्या आड उभे राहायचे. हॉइटने 'रेनबो' अंतिम रेषेच्या सरळ दिशेने न नेता जरा वर, वाऱ्याच्या बाजूला धरली. सॉपविथला स्वस्थ राहवले नाही. सरळ जाऊन जिंकता येणाऱ्या शर्यतीत तो आड येण्यासाठी वळला. वळणात वेग मोडला, आघाडी विरघळली आणि 'रेनबो' पुढे निघून गेली. ती शर्यत गेली आणि पुढच्या तीनही गेल्या. ४–२ असा तो सामना संपला. इथे वस्तू सरस होती, नियमही पाळला गेला होता. गरज नसताना तो पाळला गेला, हेच पराभवाचे कारण. आपल्या नौकेच्या वेगावर विसंबण्याऐवजी सॉपविथ पाठ केलेल्या वचनावर विसंबला. या शर्यतीला प्रतीक होईल अशी वस्तू सापडत नाही, आणि म्हणूनच की काय, जाणकारांच्या बाहेर ती फारशी सांगितली जात नाही.

महायुद्धानंतर १९५८ पासून चषकासाठी 'बारा मीटर' वर्गाच्या नौका वापरल्या जाऊ लागल्या. हे बारा मीटर म्हणजे नौकेची लांबी नव्हे. या नौका साधारण वीस मीटर लांब असत. लांबी, शिडाचे क्षेत्र, काठाची उंची इत्यादी मापे एका सूत्रात घालून येणारे उत्तर बारा यावे, असा तो नियम होता. त्याचे स्वरूप वृत्तासारखे आहे. एका ठिकाणी सवलत घेतली की दुसऱ्या ठिकाणी ती फेडावी लागते. आणि कवीप्रमाणेच आरेखकाची प्रतिभा ही बंधने ओलांडण्यात नसते, त्यांच्या आत अनपेक्षित जागा शोधण्यात असते.

लेक्सेनच्या नौकेने तशी जागा शोधली. नौका वाऱ्याविरुद्ध चढत असताना कील पाण्यात आडवा रेटा धरून ठेवते. तिच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. त्यामुळे पाणी खालच्या टोकाखालून जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निसटते, भोवरे होतात आणि वेग खर्ची पडतो. टोकाचे पंख ही गळती अडवतात. शिवाय वजन अगदी तळाशी गेल्याने नौका कमी कलते आणि शिडाचा भार अधिक पेलते. त्यामुळे नौका तुलनेने लहान ठेवून, सूत्रात वाचलेले माप शिडाच्या क्षेत्रावर खर्च करता आले. ती चपळ वळेही. धक्क्यावर उचलून ठेवली की तिच्या तळाभोवती कापडी पडदा लावला जाई. पाणबुडे आणि छायाचित्रकार त्या पडद्याआड डोकावण्याची खटपट करीत. न्यूयॉर्क यॉट क्लबने कायद्याचा पडदाही ओढून पाहिला. नौका कलली की पंख अधिक खोल जातात, मग तिची खोली नियमापेक्षा जास्त नाही का, हा त्यांचा एक आक्षेप. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता: ही नौका खरोखर ऑस्ट्रेलियनाने आरेखिली आहे का? आरेखक आव्हान देणाऱ्या देशाचा असावा, असा नियम होता. आणि प्रतिकृतींच्या चाचण्या नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील जलकुंडात झाल्या होत्या. शेवटी ऑगस्ट १९८३ मध्ये क्लबने आक्षेप सोडून दिले.

कर्तृत्वाचा प्रश्न मात्र तिथे संपला नाही. लेक्सेन १९८८ साली वारला. २००९ साली पीटर फान ओसानेन या डच शास्त्रज्ञाने कीलच्या आरेखनाचे बहुतांश काम आपले आणि आपल्या सहकाऱ्यांचे होते, असा दावा उघडपणे केला; ऑस्ट्रेलियन संघातील लोकांनी तो तितक्याच ठामपणे फेटाळला. संहितेचा कर्ता कोण, यावर आपल्याकडे काही कमी शाई खर्ची पडलेली नाही, तेव्हा हा वाद आपल्याला अपरिचित वाटू नये. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की हा वाद कीलपुरताच राहिला. त्या नौकेची शिडे पाहणारा टॉम श्नॅकनबर्ग हा न्यूझीलंडचा शीडकार. वारा कुठे आहे ते पाहून कुठे वळायचे ते सुचवणारा ह्यू ट्रेहार्न. सुकाणू धरणारा जॉन बर्ट्रंड. यांच्या वाट्याच्या श्रेयासाठी कोणी न्यायाधीश बसवला नाही. श्रेय ज्यावरून भांडता येईल अशा गोष्टीचेच मोजले जाते.

आता ती सातवी शर्यत. सामन्यात 'लिबर्टी' ३–१ अशी पुढे होती. 'ऑस्ट्रेलिया टू'ने पहिल्या दोन शर्यती गमावल्या तेव्हा तिचे साहित्य दगा देऊन गेले होते: एकदा सुकाणूची यंत्रणा, एकदा मोठ्या शिडाच्या माथ्याची जोडणी. मग तिने ओळीने दोन जिंकून ३–३ अशी बरोबरी केली. 'लिबर्टी'चा कप्तान डेनिस कॉनर याने याच चषकाचे १९८० मध्ये यशस्वी रक्षण केले होते. तयारीच्या काटेकोरपणात त्याच्या तोडीचा माणूस त्या काळी विरळाच. आपली नौका मंद आहे हे त्याला माहीत होते, आणि तरीही मंद नौकेने तीन शर्यती जिंकून त्याने सामना इथवर आणला होता. ही गोष्ट कीलच्या कथेत सहसा येत नाही.

शर्यत २४.३ सागरी मैलांची, सहा टप्प्यांची. चार टप्पे संपले तेव्हा 'लिबर्टी' ५७ सेकंदांनी पुढे होती. पाचवा टप्पा वाऱ्यासोबत खाली उतरण्याचा होता. इथे सगळे उलटते. चढणीला पुढची नौका मागचीचा वारा अडवते. उतरणीला वारा पाठीमागून येतो, त्यामुळे मागची नौका पुढचीच्या शिडांवर आपली सावली टाकू शकते. म्हणून आघाडीवरच्याने एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या असतात: मागच्याच्या सावलीत यायचे नाही, आणि त्याच्यापासून फार लांबही जायचे नाही. वारा हलका आणि अस्थिर होता. दोन्ही नौकांचे मार्ग वेगळे झाले. 'ऑस्ट्रेलिया टू'ला तिच्या बाजूला बरा वारा मिळाला. ती अधिक सरळ खाली, बोयाच्या दिशेने उतरू शकली आणि तरीही वेग राखून होती. खालच्या बोयाशी पोहोचली तेव्हा ती २१ सेकंदांनी पुढे होती. अखेरच्या चढणीत कॉनरने तिच्या कव्हरखालून निसटण्यासाठी टॅकवर टॅक घेतले; त्यांची संख्या ४७ भरली. बर्ट्रंडने त्याला मोकळे सोडले नाही.

या हकिगतीतून एक गोष्ट उघड दिसते. निर्णायक आघाडी जिथे मिळाली, तिथे पंखांचे मुख्य कामच नव्हते. वाऱ्यासोबत उतरताना आडवा रेटा जवळजवळ नसतो, कीलच्या टोकाखालून निसटणारे पाणीही नसते. तिथे पंख म्हणजे पाण्यात घासणारे जादा पृष्ठ. मग कील निरुपयोगी ठरले असे म्हणायचे का? तसेही म्हणता येत नाही. लहान नौका आणि मोठी शिडे हे प्रमाण त्याच कीलमुळे शक्य झाले होते, आणि अखेरच्या ४७ टॅकमध्ये तिची चपळाई उपयोगी पडली. पण आम्हाला याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच परिणाम. ही नौका आपल्याला केव्हाही गाठू शकते, ही जाणीव कॉनरच्या मनात असणारच. जवळ राहिलो तरी ती मागे टाकेल असे ज्याला वाटते, त्याला दूर जाऊन वेगळा वारा शोधण्याचा मोह होणे अगदी तर्कसंगत आहे. म्हणजे कीलने काम केले ते पाण्यात जितके, तितकेच प्रतिस्पर्ध्याच्या मनात.

दोन्ही सामने शेजारी ठेवले की चित्र पुरे होते. सॉपविथकडे वेगवान नौका होती, आणि तिच्यावर विश्वास न ठेवता त्याने नको तिथे नियम पाळला. कॉनरकडे मंद नौका होती, आणि हवा होता नेमका तिथेच तो नियम त्याच्या हातून सुटला. वस्तू निर्णयाची जागा घेत नाही. ती निर्णयाला आकार देते, कधी त्याला वाकवतेही. 'चांगली नौका जिंकली' आणि 'चांगला नाविक जिंकला' ही दोन्ही वाक्ये म्हणूनच अर्धी आहेत.

तरीही कथा कीलचीच का झाली? आम्हाला वाटते, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. विजयाच्या रात्री धक्क्यावर लोटलेल्या गर्दीसमोर संघाचा प्रमुख ॲलन बाँड याने खूण केली आणि नौका पाण्याबाहेर उचलली गेली, या वेळी पडद्यावाचून. महिनोन्महिने झाकलेले रहस्य शेवटच्या अंकात उघड झाले. नाटकातील ओळखीच्या क्षणासारखा हा क्षण आहे: आधीच्या सगळ्या घटना त्याच्या प्रकाशात मागे वळून पुन्हा वाचल्या जातात, आणि तो रहस्यभेद हाच घटनांचे कारण वाटू लागतो. पाचव्या टप्प्यातील वाऱ्याचा पट्टा असा उचलून दाखवता येत नाही. 'ऑस्ट्रेलिया टू' आज फ्रीमँटलच्या सागरी संग्रहालयात आहे, तिचे कीलही तिथे पाहता येते. तो वारा कोणत्याही संग्रहालयात नाही.

चार वर्षांनी, १९८७ मध्ये, कॉनरने त्याच फ्रीमँटलच्या पाण्यावर ४–० असा चषक परत मिळवला. तोवर पंख सर्वांकडेच आले होते. ज्याची नक्कल होते ते फार काळ कारण राहत नाही. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाण्यावर उचलून धावणाऱ्या नौकांच्या सामन्यात 'ओरॅकल'ने १–८ अशा पिछाडीवरून ९–८ असा विजय मिळवला, तेव्हाही लगेच दोन कथा तयार झाल्या. एक नौकेत केलेल्या सुधारणांची, दुसरी मध्येच बदललेल्या डावपेचकाराची, म्हणजे बेन एन्स्लीची. कोणती खरी, यावर वाद झडले. दोन्हींना एकत्र सांगणारे कथन लिहिणे अवघड असते, कारण त्याला एक नायक मिळत नाही आणि एक वस्तूही मिळत नाही.

साहित्याच्या इतिहासातही आपण असेच करतो. एखाद्या कालखंडाचे परिवर्तन एका पुस्तकाच्या, एका नियतकालिकाच्या, एका छापखान्याच्या नावावर मांडून मोकळे होतो. पुस्तक हाती धरता येते. ते लिहिताना कोणी कोणता मार्ग सोडून दिला, कोणाच्या सावलीतून बाहेर पडण्यासाठी किती वेळा दिशा बदलली, हे हाती धरता येत नाही. वर्गात अशा कालखंडाविषयी बोलताना पुस्तकाचे नाव सांगून झाले, की त्या वेळी वारा कोणत्या दिशेचा होता आणि तो कोणाकोणाला मिळाला नाही, हेही विचारायला हवे.